आपल्या फायली आपल्याच डब्यात: सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं ते ठरवण्याआधी

नागपुरात महाल भागात आमचं छोटंसं छपाईचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तूची कार्डं, असलं सगळं. दुकानात दोन कंप्युटर, घरी मानेवाड्याला एक लॅपटॉप, माझा मोबाईल, लहान्या भावाचा मोबाईल आणि आईचा मोबाईल, ज्यात नातवाच्या फोटोंशिवाय काही नाही. गिऱ्हाईक रात्री साडेदहाला फोन करते, "भाऊ, मोठ्या मामाचं नाव राहिलं ना", आणि फाईल असते दुकानातल्या कंप्युटरवर. मग पेनड्राईव्ह, मग व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या फायली, मग त्यातली ताजी कोणती यावर भावाशी भांडण. गूगलचे फुकटचे १५ जीबी मेल, ड्राईव्ह आणि फोटो तिघांत मिळून असतात, १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजतात, आमच्याकडं ते भरायला एक लग्नसराई पुरली.

तेव्हापासून मी बऱ्याच गोष्टी लावून पाहिल्या, काही काढून टाकल्या, काही अजून चालू आहेत. आता ओळखीचे लोक विचारून राहिले की स्वतःच्या मशीनवर चालणारं नेक्स्टक्लाऊड टाकू का सिंकथिंग, का सरळ तयार नॅसचा डबा (नेटवर्कवर फायली सांभाळणारी पेटी) विकत घेऊ. मी उत्तराऐवजी उलटा प्रश्न विचारतो: तू आठ दिवस गावाला गेला आणि इकडं मशीन बंद पडली, तर घरच्या माणसाला फाईल मिळेल का? पुढचं सगळं मी याच एका प्रश्नावर तोललंय. फीचरच्या याद्या तुम्हाला कुठंही सापडतील.

आधी एक खरं बोलून घेतो. तुमचा सगळा पसारा ४०-५० जीबीच्या आत असेल, दोनच डिव्हाईस असतील आणि शनिवार-रविवार मशीनमागे घालवायची हौस नसेल तर कंपनीच्या क्लाऊडला महिन्याचे पैसे द्या आणि मोकळे व्हा, त्यात काही कमीपणा नाही. स्वतःचं लावायचं ते पसारा मोठा असेल, दुसऱ्यांचे आधारकार्डाचे झेरॉक्स वगैरे आपल्याकडं पडून असतील, किंवा मुळात शिकायची खाज असेल तर.

पहिलं काम कागदावर

लोक "क्लाऊड पाहिजे" म्हणतात तेव्हा त्यात तीन-चार वेगवेगळी कामं एकत्र कालवलेली असतात. एकच फोल्डर सगळ्या मशीनवर आपोआप सारखं राहणं, हे झालं सिंक. एका जागी मोठा साठा आणि सगळे तिथूनच उघडतात, हे झालं शेअर. बाहेरच्या माणसाला लिंक पाठवून प्रूफ दाखवणं हे तिसरं, आणि मोबाईलमधले फोटो आपोआप उतरून घेणं हे चौथं. चारही कामं करणारं सॉफ्टवेअर असते, पण चारही सारखीच चांगली करत नाही.

तर एक आठवडा एक कागद टेबलावर ठेवा आणि जेव्हा जेव्हा फाईल इकडची तिकडं न्यायची अडचण येईल तेव्हा एक ओळ लिहा, कोणती फाईल, कुठून कुठं, किती मोठी. आमच्या कागदावर सोळा ओळी झाल्या, त्यातल्या अकरा एकाच प्रकारच्या निघाल्या: चालू ऑर्डरची कोरलड्रॉची फाईल दुकान ते घर. लिंक पाठवायची गरज दोनदा. म्हणजे मी जे आधी महिनाभर नेक्स्टक्लाऊडशी झटलो ते त्या दोन ओळींसाठी. हा कागद आधी केला असता तर तो महिना वाचला असता.

डबा कोणता

डबा म्हणजे फायली सांभाळायला कायम चालू ठेवलेली मशीन. नवीन काही घेऊ नका. जुना लॅपटॉप सगळ्यात बरा, कारण त्याला स्वतःची बॅटरी आहे, लाईन गेली तरी तो बंद पडत नाही. चार जीबी रॅम फाईल शेअर आणि सिंकसाठी पुरते, फोटोंचं चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर आठच्या खाली जाऊ नका. रास्पबेरी पाय चालतो, पायवर करायचंच असेल तर पाय ४ किंवा ५ घ्या, त्यात यूएसबी ३ आणि पूर्ण गिगाबिटचं लॅन आहे, पण सगळा डेटा त्याच्या मेमरी कार्डवर ठेवू नका, सतत लिहून लिहून कार्डं मरतात.

विजेचा हिशोब स्वतः करा, सोपा आहे. जुना लॅपटॉप साधारण २० वॅट खातो असं धरलं तर महिन्याला १४-१५ युनिट. जुना डेस्कटॉप ७० वॅट धरा, तर ५० युनिट. चोवीस तास चालणारी वस्तू आहे ही, तुमच्या स्लॅबच्या दरानं गुणा आणि मग "फुकटचा डेस्कटॉप पडलाच आहे" हे पुन्हा म्हणून पहा.

लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो, ती सेटिंग आधी बंद करा. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शनमध्ये झाकण लावल्यावर "डू नथिंग" निवडायचं, लिनक्समध्येही तशी ओळ असते. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन लाईन परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग करा, नाहीतर रात्री दोनला लाईन गेली, सव्वादोनला आली, आणि तुमचा सर्व्हर सकाळी तुम्ही बटण दाबेपर्यंत झोपलेला.

डिस्क सेकंडहँड घ्यायचा मोह बर्डीच्या बाजारात गेलं की होतोच, घ्या, पण दुकानदारासमोरच लॅपटॉपला लावून डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पहा. किती तास चालली ते दिसते, पण त्यापेक्षा रिअलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागा) या दोन ओळी महत्त्वाच्या, तिथं शून्य नसेल तर स्वस्त असली तरी ठेवून द्या. आणि दोन डिस्क घ्या. एक डबल साईजची घेण्यापेक्षा दोन सारख्या घ्या, का ते खाली बॅकअपमध्ये येते.

ऊन, कूलर आणि लाईन

हे कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत, कारण ते व्हिडिओ नागपुरात मे महिन्यात बनत नाहीत. इथं मे २०१३ मध्ये ४७.९ डिग्री नोंदलेलं आहे. बंद खोलीत, वरच्या माळ्यावर, पत्र्याखाली त्याहून काय होत असेल ते तुम्हीच समजा. हार्ड डिस्कवर कंपनी बहुतेक ६० डिग्रीपर्यंत चालेल असं लिहिते, पण ते डिस्कचं स्वतःचं तापमान आहे, खोलीचं नाही, आणि चालू डिस्क खोलीपेक्षा सहज दहा-बारा डिग्री गरम असते. मी ४५ ला काळजी करायला लागतो आणि ५० ला काम थांबवतो.

मग माणूस काय करतो, डबा कूलरसमोर ठेवतो. मीच ठेवला होता. पहिल्या उन्हाळ्यात आकडा मस्त उतरला, ५१ वरून ४१, मी भावाला स्क्रीनशॉट पाठवला. दीड महिन्यात लॅनच्या सॉकेटमधल्या पिना हिरव्या पडायला लागल्या आणि नेट मधूनच जायला लागलं. कूलरची हवा थंड असते पण ओली असते, आणि आपल्याकडच्या पाण्याचा खार कूलरच्या जाळीवर जसा जमतो तो पाहिलाच असेल. डबा कूलरच्या हवेच्या रेषेत ठेवायचा नाही. तळमजल्यावर, आतल्या खोलीत, फरशीपासून वीतभर वर, भिंतीपासून चार बोटं सुटा, आणि त्याच्यासाठी एक छोटा टेबलफॅन, झालं. दुपारी बारा ते पाच मोठी कामं लावू नका, बॅकअप, फोटोंचं इंडेक्सिंग हे सगळं पहाटे चारला.

लॅपटॉपची बॅटरी चोवीस तास चार्जिंगवर आणि वरून ही गरमी, म्हणजे ती फुगणार. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्ज ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असते, ती लावा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी बॅटरी काढा, उद्यावर टाकू नका.

आणि लाईन. लॅपटॉप चालू राहिला तरी राऊटर बंद पडला तर बाहेरून काहीच पोचत नाही, म्हणून राऊटर आणि फायबरच्या डब्याला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, तो वेगळा मिळतो, तुमच्या राऊटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते पाहून घ्या. जूनमध्ये पहिला पाऊस विजा कडाडत येतो तेव्हा मी तर सरळ प्लग काढून ठेवतो. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरच्या तारेतून येते, आमच्या गल्लीत एका संध्याकाळी तीन घरचे राऊटर गेले.

आता सॉफ्टवेअर

सांबा. हे सगळ्यात जुनं, १९९२ पासून आहे, आणि नवख्यानं इथूनच सुरू करावं असं माझं मत आहे. डब्यावरचं एक फोल्डर घरातल्या वायफायवर दिसायला लागते, विंडोजमध्ये ते मॅप नेटवर्क ड्राईव्ह करून झेड ड्राईव्ह म्हणून लावायचं, अँड्रॉइडवर एखादं फाईल मॅनेजर घ्यायचं, आयफोनच्या फाईल्स ॲपमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून ही सोय आतच आहे. लिनक्सची भीती वाटत असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची डब्यासाठीची तयार सिस्टिम टाका, ब्राउझरमधून सगळं क्लिक करून होते, फक्त एक लक्षात ठेवा की ते इन्स्टॉल करताना ज्या डिस्कवर टाकाल ती पूर्ण पुसते, म्हणून डेटाची डिस्क तेव्हा काढूनच ठेवा. यूजर आणि पासवर्ड बनवाच, नव्या विंडोज बिनपासवर्डच्या शेअरला आत येऊ देत नाहीत आणि ते बरंच आहे.

सांबाची कमजोरी अशी की डबा बंद तर सगळं बंद, फाईल दुसरीकडं कुठंच नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं: डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फायली जशाच्या तशा दिसतात, पण डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ या फॉरमॅटमध्ये असेल तर साधं विंडोज ती उघडत नाही, म्हणून लिनक्सचा एक लाइव्ह पेनड्राईव्ह (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालते) डब्यालाच चिकटवून ठेवा. सांबा इंटरनेटवर उघडायचं नाही, पोर्ट ४४५ राऊटरमधून बाहेर काढायचं नाही, २०१७ चं वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं) याच दारातून जगभर फिरलं.

सिंकथिंग. हे २०१३ पासून आहे, फुकट आहे, आणि आमच्या अकरा ओळींचं उत्तर हेच निघालं. यात सर्व्हर असा नसतोच, प्रत्येक मशीनवर फोल्डरची पूर्ण कॉपी असते आणि मशीन आपसात बोलून ती सारखी ठेवतात, मधला सगळा प्रवास एन्क्रिप्टेड. प्रत्येक मशीनला ५६ अक्षरांचा एक डिव्हाईस आयडी मिळतो, तो हातानं टाईप करत बसू नका, मोबाईलनं क्यूआर स्कॅन करा. दोन्हीकडून एकमेकांना हो म्हटलं, फोल्डर शेअर केलं, बस. बाहेरून पोचायला वेगळं काही करावं लागत नाही, दोन मशीन सरळ जोडल्या गेल्या नाहीत तर ते रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) जाते, हळू जाते पण जाते.

नवख्याला न कळणारी गोष्ट ही की सिंक व्हायला दोन्ही मशीन एकाच वेळी चालू पाहिजेत. दुकान आठला बंद करून मी नऊला घरी लॅपटॉप उघडला तर दोघांची भेटच होत नाही. म्हणून मधे एक कायम चालू असलेला डबा लागतो, तिसरा गडी, जो दोघांकडून घेऊन ठेवतो.

आणि आता आमच्या चुकीच्या छापल्या गेलेल्या ४०० पत्रिकांचं. रात्री गिऱ्हाइकाचा फोन आला की मुहूर्त ११:४२ चा नाही, १२:१७ चा आहे. मी घरी फाईल बदलली, सेव्ह केली, आणि तेवढ्यात लाईन गेली, तेव्हा राऊटरला यूपीएस नव्हता. लॅपटॉप बंद करून झोपलो. सकाळी भावानं दुकानात जुनीच फाईल उघडली, त्यात मामाचं नाव टाकलं, सेव्ह केली, पीडीएफ काढली आणि छापायला टाकली. मी दहाला लॅपटॉप उघडला तेव्हा सिंकथिंगला एकाच फाईलच्या दोन बदललेल्या आवृत्त्या दिसल्या, आणि तो अशा वेळी जी नंतर सेव्ह झाली ती मूळ नावानं ठेवतो आणि आधीची बाजूला काढतो, नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट आणि तारीख-वेळ घालून. म्हणजे भावाची राहिली, माझी बाजूला गेली, फाईल हरवली नाही, दोन्ही शेजारी शेजारी होत्या, आम्ही दोघांपैकी कोणी पाहिलंच नाही. दुपारी नवरीच्या काकांनी गठ्ठा उघडून पहिल्याच पत्रिकेवर बोट ठेवलं. "काऊन भाऊ, काल रात्री फोन केला होता ना मी?" पुन्हा छापल्या, कागद आमचा, मजुरी आमची.

दोष सॉफ्टवेअरचा नाही, आमचा होता. तेव्हापासून दोन नियम: फाईल उघडण्याआधी आणि मशीन बंद करण्याआधी सिंकथिंगच्या पानावर फोल्डरसमोर आणि दुसऱ्या मशीनसमोरही "अप टू डेट" दिसलं पाहिजे, आणि दुकान बंद करताना सर्चमध्ये सिंक-कॉन्फ्लिक्ट टाकून पाहायचं. ज्यांच्याकडं एकच फाईल दोन माणसं रोज उघडतात, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

दुसरा खड्डा डिलीटचा. सिंक म्हणजे पुसणंही सिंक होते. आईचं मोबाईलचं फोटोचं फोल्डर मी डब्याशी जोडलं, आईनं जागा भरली म्हणून फोटो पुसले, डब्यावरूनही गेले. नशिबानं डब्याच्या बाजूला फाईल व्हर्जनिंग चालू होतं, पुसलेलं सगळं वेगळ्या लपलेल्या फोल्डरात सापडलं. ते आधीपासून चालू नसते, प्रत्येक फोल्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागते, डब्यावर ते "स्टॅगर्ड" (जुन्या आवृत्त्या विरळ करत ठेवणारं) ठेवा. अँड्रॉइडचं मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता सिंकथिंग-फोर्क नावाचं वापरतात, आणि मोबाईलच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्याच्यावरची बंधनं काढा नाहीतर फोन त्याला झोपवून टाकतो. आयफोनवाल्यांनी सिंकथिंगच्या भरवशावर राहू नये, तिथं बॅकग्राउंडला ते फार वेळ चालूच देत नाही.

माझ्या प्रश्नावर मात्र सिंकथिंगला पूर्ण मार्क. डबा जळून गेला तरी दुकानात आणि घरी फायली साध्या फोल्डरात पडलेल्याच असतात.

नेक्स्टक्लाऊड. ओनक्लाऊड २०१० चं, त्यातून २०१६ मध्ये हे फुटून निघालं. ड्राईव्हसारखं दिसते, ब्राउझरमध्ये उघडते, लिंक पाठवता येते, लिंकला पासवर्ड आणि मुदत लावता येते, कॅलेंडर-कॉन्टॅक्टही सांभाळते, मोबाईलचे फोटो एकतर्फी अपलोड होतात म्हणजे आईनं पुसले तरी इकडं राहतात. घरात चार-पाच माणसं वेगवेगळ्या खात्यांनी वापरणार असतील तर हेच घ्या. पण हे पाळीव जनावर आहे, चारा-पाणी लागते. आत पीएचपी, डेटाबेस, वरून अपडेट, आणि अपडेट करताना मोठ्या आवृत्त्या गाळून उडी मारता येत नाही, वर्षभर झोपलात तर एकेक पायरी चढत यावं लागते. नवख्यानं त्यांचं ऑल-इन-वन नावाचं डॉकरवालं (सगळे भाग एकत्र बांधून येणारं) घ्यावं, हातानं एकेक भाग जोडत बसू नये, मी बसलो होतो.

दोन ठिकाणी सगळेच अडकतात. एक, नवीन पत्त्यावरून उघडलं की "अनट्रस्टेड डोमेन" असं येते, तो पत्ता सेटिंगच्या फाईलमधल्या विश्वासू यादीत टाकावा लागतो. दोन, त्याच्या डेटा फोल्डरात तुम्ही बाहेरून फायली कॉपी केल्या तर त्या दिसत नाहीत, कारण तो डेटाबेसला विचारतो, फोल्डरला नाही, त्याला स्कॅनची कमांड द्यावी लागते. फायली डिस्कवर यूजरच्या नावाच्या फोल्डरात साध्या स्वरूपातच असतात, म्हणजे डिस्क काढून वाचता येतात, फक्त सर्व्हरकडची एन्क्रिप्शन चालू केली नसेल तर. आणि विंडोजच्या ॲपमध्ये व्हर्च्युअल फाईल्स चालू असेल तर लॅपटॉपवर नुसती नावं असतात, खरी फाईल क्लिक केल्यावर उतरते, डबा बंद असला की त्या नावांचं लोणचं घाला. चालू कामाच्या फोल्डरावर उजवं क्लिक करून ते कायम लॅपटॉपवर ठेवा.

सीफाईल वेगानं नेक्स्टक्लाऊडपेक्षा चपळ आहे, मोठ्या फायलींना छान, पण तो फायली तुकड्यांत ठेवतो. डिस्क काढून दुसरीकडं लावली तर पत्रिका दिसत नाहीत, त्याच्याच टूलनं बाहेर काढावं लागते. भावाला ते जमणार नाही, म्हणून माझ्याकडं तो नाही.

नुसते फोटोच असतील तर इमिच पहा, चेहरे ओळखते, तारखेनं लावते, आईला गूगल फोटोसारखंच वाटलं. तयार नॅसचे डबे विकत मिळतात, चांगले असतात, पैसे असतील आणि डोकं शिणवायचं नसेल तर घ्या, पण त्यांचं पान इंटरनेटवर उघडं टाकू नका, २०२२ मध्ये असेच उघडे टाकलेले हजारो डबे रॅन्समवेअरनं कुलूपबंद केले होते.

बाहेरून पोचायचं कसं

जुन्या लेखांत लिहिलेलं असते राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून डब्यापर्यंत यायला एक दार उघडा. करू नका, आणि बहुतेकांना करताही येणार नाही. राऊटरच्या पानावर वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) पहा, आणि गूगलवर "माझा आयपी" विचारून येतो तो पहा. दोन वेगळे असतील, त्यातही राऊटरवरचा १०० नं सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एका सार्वजनिक आयपीमागे कंपनीनं बरीच घरं बसवलीत, फ्लॅट स्कीमच्या गेटवर एकच बेल असल्यासारखं, बाहेरच्याला तुमचं दार वाजवता येत नाही.

यावर सगळ्यात सोपं टेलस्केल. ते तुमच्या मशीनना इंटरनेटवरून एका खाजगी जाळ्यात जोडते. आत वायरगार्ड नावाचं व्हीपीएन आहे, जे २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. डब्यावर, लॅपटॉपवर, मोबाईलवर टाका, सगळीकडं एकाच खात्यानं लॉगिन करा, प्रत्येकाला स्वतःचा एक खाजगी पत्ता मिळतो आणि पुण्यात बसून सांबाचा ड्राईव्हसुद्धा घरात असल्यासारखा उघडतो. घरगुती वापराला फुकट प्लॅन पुरतो. एक सेटिंग विसरू नका: लॉगिनची मुदत १८० दिवसांची असते, डब्यासाठी की एक्स्पायरी बंद करून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तो गुपचूप बाहेर पडेल आणि नेमके तुम्ही तेव्हा पुण्यात असाल.

बाहेरच्या गिऱ्हाइकाला लिंक द्यायची असेल तर टेलस्केल कामाचं नाही, त्याच्या मोबाईलवर कोण टाकणार. मग स्वतःचं डोमेन आणि क्लाऊडफ्लेअरचा टनेल (त्या कंपनीच्या सर्व्हरवरून डब्यापर्यंतची वाट), त्यात फुकट प्लॅनवर एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठं अपलोड जात नाही हे माहीत असू द्या. आम्ही प्रूफची जेपीजी व्हॉट्सॲपवरच पाठवतो. दोन ओळींसाठी एवढं कोण करते.

अपलोडचा वेग तपासा, डाऊनलोडचा नाही. बाहेरून तुम्ही फाईल मागता तेव्हा घरचं कनेक्शन अपलोड करत असते. अपलोड १० एमबीपीएस असेल तर एक जीबीला तेरा-चौदा मिनिटं, १०० असेल तर दीड मिनिटाच्या आत. आणि डबा राऊटरला वायरनंच जोडा. वायर जुनी असेल आणि १०० एमबीपीएसवरच जुळत असेल तर घरातल्या घरात सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जात नाही, कॅट ५ई किंवा ६ ची नवी वायर घेतली तर शंभराच्या वर जाते. एवढ्याशा खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही.

बॅकअप

सिंक म्हणजे बॅकअप नाही. रेड म्हणजेही बॅकअप नाही, दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिलं जाते तसं एकाच वेळी पुसलंही जाते. चालणारा नियम तीन-दोन-एकचा: तीन कॉपी, दोन वेगळ्या जागी किंवा माध्यमांवर, एक घराबाहेर. हा पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं रूढ केला, म्हणजे आपल्याच बिरादरीतला माणूस.

आमची पद्धत साधी आहे. डब्यावरच्या पहिल्या डिस्कवरून दुसरीवर रोज पहाटे रेस्टिक नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर चालते, जुन्या आवृत्त्या ठेवून. तिसरी डिस्क वर्ध्याला मामाकडं असते, दिवाळीला आणि अक्षय तृतीयेला गेलो की बदलून आणतो. मधल्या काळातलं नवं काम जाईल हे मान्य करूनच. विंडोजवाल्यांना डुप्लिकाटी किंवा कोपिया सोपं पडेल. कोणतंही घ्या, पण महिन्यातून एकदा त्यातून एक फाईल परत काढून उघडून पहा. बॅकअप चालला हे हिरव्या टिकवरून कळत नाही, फाईल उघडल्यावरच कळते.

क्रम

पहिल्या शनिवारी डबा, डिस्क तपासणं, सांबा, आणि त्यावर फक्त एक फोल्डर, तेही ज्याची कॉपी दुसरीकडं आहे. पंधरा दिवस वापरा. मग टेलस्केल. मग चालू कामाचं फोल्डर सिंकथिंगवर, व्हर्जनिंगसकट. बॅकअप लागल्याशिवाय पेनड्राईव्हवरचं काहीही पुसायचं नाही. नेक्स्टक्लाऊड किंवा इमिच त्यानंतर, आणि तेही कागदावरच्या ओळी मागत असतील तर. सगळ्यांचे पासवर्ड वेगवेगळे, जिथं दोन पायऱ्यांचं लॉगिन आहे तिथं ते चालू.

शेवटी परीक्षा. एखाद्या रविवारी कोणाला न सांगता डब्याची वायर काढा, स्वतःचा मोबाईल खिशात ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा की अमुक फाईल काढून दे. डब्यावर एक कागद चिकटवलेला असू द्या: डिस्क कोणती, पेनड्राईव्ह कोणता, कुठं लावायचं, कोणतं फोल्डर. आमच्याकडं पहिल्यांदा हे केलं तेव्हा भावानं चालू ऑर्डर दोन मिनिटांत काढली, मागच्या वर्षीच्या ऑर्डरसाठी बॅकअपची डिस्क लावली, कागद वाचला, आणि तिथंच थांबला. "दादा, बॅकअपचा पासवर्ड?" तो फक्त माझ्या डोक्यात होता. आता तो आईच्या पोथीच्या डब्यात आहे.